काकू ज्यांना हसल्या नाहीत ते अल्बम

बत्तीशीच्या बायकोचं हसू परस्पर दुसरीकडेच खर्च होतंय, हे त्याला कळलं ते एका सुट्टीच्या दुपारी. गाडी सर्व्हिसिंगला टाकून संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचं असं ठरवून तो गेला होता. पण गॅरेजवाल्याने काम लवकर उरकलं आणि हा चावीने दार उघडून घरात आला. बायको इस्त्री करत होती, कानात इअरफोन. आणि हसत होती. हसत होती म्हणजे एका हातात इस्त्री उभी धरलेली, दुसऱ्या हाताने टेबल बडवणं चाललेलं, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून आवाज म्हणून फुटत नव्हता.

त्याला पाहिलं मात्र, तिने इअरफोन काढले आणि चेहरा सरळ केला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, असंच.

आता असंच कुणी एवढं हसतं का, तुम्हीच सांगा. बत्तीशीने हातपाय धुतले, चहा घेतला, पेपर उघडला, पण ते 'असंच' घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं काही खाली उतरेना. ती शेजारच्या खोलीत गेल्यावर त्याने हळूच तिचा फोन पाहिला. स्टँडअप कॉमेडीचा अल्बम होता. मुखपृष्ठावर एक किडकिडीत माणूस, नाकापेक्षा चष्मा मोठा, हातात माइक. हा? या टाचणीसाठी ती टेबल बडवते?

बत्तीशी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा, म्हणून ओळखीपाळखीत ते नाव पडलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं. दाताच्या डॉक्टरांकडून जबड्याचे साचे यायचे, हा त्यांत प्लास्टर ओतून मॉडेल करायचा आणि त्यावर मेणात एकेक दात बसवायचा. मग ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून त्याला बोलायला, हसायला लावायचं. याला त्यांच्या धंद्यात ट्रायल म्हणतात. ट्रायल चांगली झाली की मगच मेणाचं पक्कं व्हायचं. अर्धं आयुष्य त्याने लोकांच्या तोंडाकडे बघण्यात घालवलं होतं, तेव्हा कोण खरं हसतंय आणि कोण तोंडदेखलं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको असा त्याचा पक्का समज होता.

आणि बायकोची दोन हसणी तर त्याला पाठ होती. एक नाकातलं. पाहुणे, वरिष्ठ, दुकानदार, सगळ्यांना पुरेल असं, फुस्स करून संपणारं. दुसरं ते आवाज न फुटणारं, आधी खांदे हलणारं, मग शेजारच्याला चापट्या बसणारं. हे दुसरं त्याने पहिल्यांदा पाहिलं ते एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. ती तिथे फिजिओथेरपी शिकत होती, हा कवळ्या पोचवायला गेला होता. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या कवळ्यांची अदलाबदल झाली आणि आठ दिवस दोघांनी त्याच वापरल्या, तो किस्सा त्याने सांगितला होता. म्हातारा तक्रार करायला आला तीही कवळीची नव्हती. म्हणाला, हल्ली तोंड उघडलं की मी बायकोसारखं बोलतो. यावर ती इतकी हसली होती की तिची डाळिंबाच्या रसाची बाटली लवंडली. तिथेच लग्न ठरलं म्हणा ना.

तोच किस्सा त्याने पुढे प्रत्येक बारशाला, प्रत्येक निरोप समारंभाला, प्रत्येक पाहुण्याला सांगितला. तीही हसायची, पण नाकातून. अलीकडे तर म्हातारा तक्रार करायला यायच्या आधीच फुस्स होऊन जायचं. दुसरं हसणं त्याने शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना. त्याला वाटायचं वय झालं, काम वाढलं, मुलगा शिकायला बाहेर गेला, हसायचं कशावर. आणि इथे ते घरातच होतं, इस्त्रीच्या टेबलावर, चष्मेवाल्याच्या नावे.

बरं, वेळ तरी कशी. बायकोच्या हॉस्पिटलने दूरच्या एका शहरात नवी शाखा काढली होती आणि तिथला फिजिओथेरपी विभाग उभा करायला तिला वर्षभरासाठी पाठवत होते. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बत्तीशीने चारचौघांत तिचं कौतुक केलं आणि घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर उलटत बसला. एक वर्ष. तिथे नवे डॉक्टर असणार, नवं कँटीन असणार, कुणीतरी काहीतरी सांगणार आणि ती टेबल बडवणार. माणूस घर सोडतो तेव्हा सामान मागे राहतं, हसू नाही राहत. ते जिथे निघतं तिथलंच होतं. वर्ष संपल्यावर ती परत येईलही, पण तिकडची होऊन येईल, किंवा अजून एक वर्ष मागून घेईल, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

तिला गाडीने सोडायला तोच जाणार होता. पहाटे निघालं तर संध्याकाळी पोचायचं, असा लांबचा रस्ता. या घरात प्रवासाचा एक नियम होता: चालवेल त्याने ऐकायचं काय ते ठरवायचं, शेजारी बसेल त्याने थांबायचं कुठे ते. यावेळी सामान बांधता बांधता ती म्हणाली की गाणी नकोत. गाणी लागली की मी रडेन आणि तिथे सुजलेले डोळे घेऊन उतरेन. त्यापेक्षा कॉमेडीचे अल्बम घे चार-पाच, दिवस निघून जाईल. "तूच निवड," ती म्हणाली, "पण जरा बरे घे."

ती सहज बोलली. पण बत्तीशीच्या डोक्यात तिथेच एक किडा वळवळला. अल्बम निवडायचे आपण. म्हणजे तिला हसवायचं की नाही हेही आपल्याच हातात. गाडीत एकामागून एक रटाळ माणसं बडबडत राहिली, ती कंटाळून गेली, मग आपण हळूच आवाज बंद करायचा आणि दोन खुसखुशीत गोष्टी सांगायच्या. उन्हात ताक मिळावं तशी ती हसेल. त्या शहरात उतरताना तिच्या कानात शेवटचा आवाज आपला असेल. बेत ऐकायला खुळचट वाटतो ना? जळणाऱ्या माणसाला तो सोन्याचा वाटतो.

चष्मेवाला तर यादीतून बिनशर्त बाद. बाकीचे शोधायला तो बसला आणि पंचाईत झाली. त्याला कुठलाच विनोद विनोद वाटेना. कोणीही बोलायला लागला की हा मनात म्हणायचा, यात काय हसण्यासारखं आहे? टकल्या झाला, जाड्या झाला, नोकरी सोडून विनोद करायला लागलेली ती वकीलबाई झाली, सगळे त्याला सारखेच दगड वाटायचे. आता दगडांतून जास्त दगड कोणता, हे ठरवायचं कसं? शेवटी धंद्याची अक्कल कामाला आली. ट्रायल घ्यायची.

त्याच्या लॅबमध्ये पॉलिशला एक काकू होत्या. कवळी पक्की झाली की तिच्या कडा घासून, फिरत्या ब्रशवर धरून ती आरशासारखी करायची हे त्यांचं काम. बाई मितभाषी, नाकासमोर चालणारी. त्यांची स्वतःची वरची कवळी बत्तीशीनेच करून दिली होती, एक पैसा न घेता, आणि त्या गोष्टीचं ओझं काकू अजून वाहत होत्या. सकाळी त्याच्या टेबलावर फूल काय ठेवतील, त्याचा डबा काय गरम करतील. तर मेणाचं काम चालू असताना, म्हणजे मशीन बंद असताना, बत्तीशीने एकेक अल्बम लावायला सुरुवात केली आणि मान खाली घालून डोळे काकूंच्या तोंडावर ठेवले.

पहिल्या जाड्याला काकू हसल्या. छान, मोकळं, दात दाखवून. "बरं बोलतो हो," म्हणाल्या. जाड्या बाद. वकीलबाईला पुन्हा हसल्या. बाद. मग एक जण आला जो लहानपणी वडील गाडी कशी मागे घ्यायचे ते सांगत होता, आणि काकूंचं तोंड शिवल्यासारखं बंद झालं. ओठ आत, गाल आत, हनुवटीखाली हात. मध्येच त्या टेबलाखाली वाकल्या आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. बत्तीशीला वाटलं, कंटाळा म्हणजे किती. लगेच त्याने तो अल्बम पेनड्राइव्हवर घेतला. एक घोरण्यावर बोलणारा होता, त्यालाही काकूंचा तोच दगडी चेहरा. घेतला. एक शाळामास्तर होता, त्याच्या वेळी काकू चक्क उठून पाणी प्यायला गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. तो तर डोळे झाकून घेतला. असा चारपाच नमुन्यांचा ऐवज जमला, आणि बत्तीशीने त्या दिवशी घरी जाताना शीळ घातली.

निघायच्या पहाटे तिने घराला कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहिलं, मग पुन्हा वर जाऊन गॅस पाहून आली. गाडी शहराबाहेर पडली, उजाडलं, रस्ता सरळ झाला, आणि बत्तीशीने अगदी निरागस चेहऱ्याने पेनड्राइव्ह लावला. पहिला नंबर गाडी मागे घेणाऱ्याचा.

तो माणूस सावकाश बोलायचा. आमच्या वडिलांना गाडी मागे घ्यायची असली की ते आख्ख्या घराला खाली उतरवायचे, तो सांगत होता. एक जण डावीकडे, एक उजवीकडे, आई बरोब्बर मागे. आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, येऊ द्या, येऊ द्या. एकदा भिंतीला लागली. भिंत पडली. पलीकडे शेजारी आंघोळ करत होते, ते दिसायला लागले. आणि आई आपली म्हणतेय, येऊ द्या, येऊ द्या, अजून जागा आहे.

बायको खिडकीकडे वळली. बत्तीशीने तिरक्या नजरेने पाहिलं तर तिचे खांदे हलत होते. त्याच्या काळजाचं पाणी झालं. घर सोडलं, रडू आलं बिचारीला. त्याने गिअरवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला की वर्ष काय, बघता बघता जाईल. मग तिने तोंड फिरवलं आणि त्याला दिसलं की ती रडत नव्हती. तिने ओठ दातांखाली धरले होते आणि डोळे भरून आले होते ते हसण्याने.

"बरा आहे," ती घाईघाईने म्हणाली. "तुला आवडत नसेल तर बदल."

बदलला. तर पुढे घोरणारा. बायकोने पुरावा म्हणून रात्री माझं घोरणं रेकॉर्ड केलं, तो म्हणत होता. सकाळी ऐकलं तर माझ्या मागे अजून एक माणूस घोरतोय. मी म्हटलं, हा कोण? ती म्हणाली, विषय बदलू नकोस. बत्तीशीची बायको पुढे वाकली, पर्समध्ये काहीतरी शोधायचं निमित्त करून. पाठ हलत होती. शाळामास्तराच्या वेळी तर तिने ओढणीचा बोळा करून तोंडाशी धरला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ते असं. बत्तीशीच्या अंगाचा तिळपापड झाला. एका चष्मेवाल्याला बाहेर ठेवलं तर गाडीत आणखी तिघे चढून बसले होते, आणि चढवले कोणी, तर त्याने स्वतः.

पण हे झालं कसं? काकूंसारखी बाई दगड होऊन बसली होती. बत्तीशी स्टिअरिंग धरून तो चेहरा आठवायला लागला. ओठ आत. गाल आत ओढलेले. वरचा ओठ खाली ताणलेला. हनुवटीखाली हात. आणि मग त्याच्या डोक्यात असा काही लख्ख प्रकाश पडला की पाय आपोआप ब्रेकवर गेला. अरे, हे कंटाळ्याचं तोंड नव्हतंच. वरची कवळी सैल झाली, की ती पडू नये म्हणून माणूस असं तोंड करतो. साधं हसू चालतं, पण मोठं हसू आलं की टाळूला जीभ लावून, ओठ मिटून सांभाळावं लागतं. कुठल्याही शिकाऊ पोराला हे दिसलं असतं.

बायकोने नियमाप्रमाणे पुढच्या पेट्रोलपंपावर थांबायला सांगितलं. ती हातपाय धुवायला गेली तसा त्याने हवेच्या मशीनआड उभं राहून काकूंना फोन लावला आणि वरची कवळी सैल झालीय का म्हणून विचारलं. पलीकडे फिरता ब्रश बंद झाल्याचा आवाज आला. मग काकूंनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? हिरड्या झिजल्या हो माझ्या, वर्ष होत आलं. पण तुम्ही फुकट करून दिलेली, आता तुमच्याच तोंडावर तुमच्या कामाला नावं कशी ठेवायची? आणि मग काकूंनी स्वतःहूनच सांगितलं, की तो गाडी मागे घेणाऱ्या वडिलांचा ऐकताना कवळी पडलीच खाली, टेबलाखाली वाकून उचलली. असं हसू मला अख्ख्या जन्मात आलं नव्हतं, काकू म्हणाल्या. बत्तीशीने, आल्यावर नवीन करून देतो, एवढंच म्हणून फोन ठेवला.

त्याला स्वतःची शरम वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण शरमेपेक्षा जळणं मोठं होतं. बायको ताजीतवानी होऊन आली, दोन कागदी कपांत चहा घेऊन आली, आणि हा गाडीत बसल्या बसल्या म्हणाला की पुरे झाले हे लोक, आपण आपल्याच गप्पा मारू. आणि लगेच, तुम्हाला खरं वाटणार नाही, त्याने तोच किस्सा काढला. म्हातारं जोडपं, अदलाबदल, आठ दिवस. सुरात, हातवाऱ्यांसकट, जसं काही ती तो पहिल्यांदाच ऐकत होती.

ती वेळेवर हसली. नाकातून, फुस्स.

"खोटं हसू नकोस," तो म्हणाला.

तिने कप खाली ठेवला. खोटं कुठे हसले, असं काहीसं ती म्हणायला गेली, पण त्याने तिला बोलूच दिलं नाही. साठलेलं सगळं बाहेर पडलं. इस्त्रीच्या दिवशी पाहिलेलं, फोन चोरून पाहिलेला, तो टाचणीसारखा चष्मेवाला. वर हेही सांगून बसला की मी मुद्दाम रद्दी अल्बम निवडायला गेलो होतो. काकूंची ट्रायलही सांगितली. एरवी यावर ती पोट धरून हसली असती. ती हसली नाही.

"त्याला हसतेस तशी माझ्याकडे बघून शेवटची कधी हसलीस?" त्याने विचारलं. "सांग ना. मी काय इतका कंटाळवाणा झालो?"

गाडी एव्हाना रस्त्याला लागली होती; एक ट्रक त्यांना ओलांडून गेला, मग दुसरा. ती समोर बघत होती. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"तू कंटाळवाणा नाहीस," ती म्हणाली. "पण तुझ्यासमोर मला हसायची भीती वाटते."

माझा भाऊ काही बोलला, ती सांगू लागली, आणि मी हसले की तू विचारतोस, यात काय हसण्यासारखं आहे. पोरगा फोनवर काही सांगतो, मी हसते, तू विचारतोस, काय म्हणाला, मला सांग. मी सांगते. तू म्हणतोस, हॅ. जेवण होईपर्यंत तुझं तोंड उतरलेलं असतं, मग मी तुला तो कवळ्यांचा किस्सा काढायला लावते, म्हणजे तू पुन्हा माणसांत येतोस. लोक लपून रडतात, ती म्हणाली, मी लपून हसते. तू बाहेर गेलास की इस्त्री काढते. कपडे धुतलेले नसले तरी काढते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणावर? तो नुसता गाडी चालवत राहिला. मग ती जे बोलली ते तिने आधी ठरवलेलं नसावं.

"तिथे मला एकटीला खोली मिळणार आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलचं पत्र आलं त्या दिवशी माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीय? की आता आवाज करून हसता येईल."

आपण तिकडच्या डॉक्टरांची, तिकडच्या कँटीनची धास्ती घेऊन बसलो होतो, आणि बाई निघाली होती ती कुणाकडे नव्हे, आपल्यापासून सुटका म्हणून, हे त्याला तेव्हा कळलं. जिच्या हसण्यावर त्याने जीव टाकला होता तिचं हसणं कुणी चोरलं नव्हतं. यानेच दारावर पहारा बसवला होता, आणि त्या हसण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नव्हती. त्याच्या घशाशी आलं, की मग परत येणार आहेस की नाही ते सांग. विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर तिने येणार म्हणूनच सांगितलं असतं, आणि ते नाकातलं आहे की खरं, हे त्याला ओळखता आलं नसतं.

ऊन उतरायला लागलं. मग त्याने गाडी कडेला घेतली आणि आपला पेनड्राइव्ह काढून तिच्याकडे हात पुढे केला. तुझा फोन जोड, तो म्हणाला. चष्मेवाला लाव.

ती नको म्हणाली. तुला आवडणार नाही.

"नाहीच आवडणार," बत्तीशी म्हणाला. "तू लाव."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, हा टोमणा आहे की काय म्हणून. मग लावला. बत्तीशीने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि डोळे समोर ठेवले. टाचणीचा आवाज त्याच्या अंदाजापेक्षा जाड होता. मेल्याचा आवाज चांगला होता, हे मान्य करायलाच त्याला पुढची दोन गावं लागली.

आमच्या घरात मतभेद होत नाहीत, चष्मेवाला म्हणाला. मत बायकोकडे असतं, भेद माझ्याकडे. बत्तीशीने कान टवकारून शेजारी काय होतं ते ऐकलं. काहीच झालं नाही. नंतर एक बारीक फुस्स आला. मग त्याच्या लक्षात आलं की हसायच्या आधी ती त्याच्याकडे बघत होती. मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, क्षणभर. पुढच्या विनोदालाही तेच. आधी त्याचा चेहरा, मग स्वतःचं हसू, तेही मोजून मापून. प्रत्येक वेळी. हे ती आजच करत नव्हती, ही तिला वर्षानुवर्षांची सवय लागली होती, आणि माणसांची तोंडं बघून जगणाऱ्या या गृहस्थाला ती कधी दिसली नव्हती. त्याला रडू यायला लागलं, पण रडणंही त्याने आवरलं, कारण तेही तिने पाहिलं असतं.

जळणं थांबलं म्हणता? छे. छातीत कोणी निखारा ठेवावा तसा जळत होता तो. चष्मेवाला आपल्या मुलीच्या शाळेच्या सहलीबद्दल सांगत होता, आणि त्याचं एकेक वाक्य बत्तीशीला आपल्या खिशातून काढून नेल्यासारखं वाटत होतं. पण त्याने चेहरा सोडला नाही. भुवई हलू दिली नाही, तोंड वाकडं होऊ दिलं नाही, सुस्कारा टाकला नाही. 'यात काय हसण्यासारखं आहे' हा प्रश्न दातांपर्यंत आला, तिथे त्याने त्याला गिळला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा गिळला. एवढ्या कवळ्या बसवल्या त्याने, पण स्वतःचं तोंड जागेवर ठेवायला एवढी मेहनत पडते हे त्याला माहीत नव्हतं.

अल्बम अर्ध्यावर गेला असेल. सहलीच्या बसमध्ये चष्मेवाला चुकून दुसऱ्याच शाळेच्या मुलांची हजेरी घेतो, आणि ती मुलं घाबरून हजर आहे म्हणतात, तिथे आला. बत्तीशी वाट बघत राहिला तिच्या नजरेची. ती आली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. आधी खांदे गेले, मग डोकं मागे सीटवर आपटलं, मग ती दोन्ही हातांनी पट्टा धरून पुढे वाकली, आणि बऱ्याच वेळाने एक मोठा, घाणेरडा, सुंदर आवाज तिच्या गळ्यातून निघाला, जो त्यांच्या घरात त्याने कधी ऐकला नव्हता. "बास रे बास," ती म्हणाली, त्याला नव्हे, चष्मेवाल्याला.

बत्तीशीला आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता. पुढे निळी पाटी दिसली, तिच्या शहराकडे डावीकडे वळा म्हणून. ती पाटी जवळ आली. इंडिकेटर द्यायचा, गाडी हळू करायची, मग ती भानावर येणार, डोळे पुसणार, हेच का वळण म्हणून विचारणार, पत्ता काढायला फोन हातात घेणार, आणि अल्बम बंद पडणार. त्याने इंडिकेटर दिला नाही. पाटी डावीकडून निघून गेली.

बऱ्याच पुढे गेल्यावर तिचं लक्ष बाहेर गेलं. डोळे पुसत, अजून उचक्या देत तिने मागे वळून पाहिलं.

"अरे, वळण गेलं ना आपलं?"

"गेलं," बत्तीशी म्हणाला. "पुढे आहे अजून एक. तू ऐक."